मांजरीहून विमानतळ किती लांब?

पुण्याजवळच्या आमच्या मांजरीत कोणाच्या घरी परदेशाचं तिकीट निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पुण्यातनं घेतलं का मुंबईतनं?" मुंबईतनं म्हटलं की लगेच दुसरा, "मग निघणार किती वाजता?" इथून घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, चार तास पुष्कळ झाले. दुसरा म्हणतो, आठ तास आधी निघा, घाटात अडकलात तर कोणी सोडवायला येत नाही. दोघांच्या हातात फोन असतो आणि दोघांनाही तो एकच आकडा दाखवत असतो, एकशे पासष्ट-सत्तर किलोमीटर. म्हणजे भांडण किलोमीटरचं नसतंच.

आता त्यात तिसरा पर्याय आला आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. म्हणजे मांजरीकरांसाठी पुण्याचं लोहगाव, उलवे-पनवेलकडचं नवी मुंबई आणि अंधेरीतलं सहार असे तीन विमानतळ झाले. तिकीट काढणाऱ्या अ‍ॅपवर ‘मुंबई’ टाकलं की त्यातले दोन एकाखाली एक दिसतात, आणि हजार-दोन हजार रुपये स्वस्त दिसणाऱ्यावर बोट पडतं. बोट पडण्याआधी थोडा हिशेब करावा, म्हणून हे लिहितो आहे.

आधी सरळ रेषेचं अंतर. नकाशावर दोन विमानतळांमध्ये दोरी ताणली तर लोहगाव ते सहार साधारण १२४ किलोमीटर भरतं, लोहगाव ते नवी मुंबई शंभराच्या आसपास. नवी मुंबई आणि सहार यांच्यात तर पंचवीस किलोमीटरसुद्धा नाही. वैमानिक हे अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ सागरी मैल. इंटरनेटवर ‘दोन विमानतळांमधलं अंतर’ शोधलं की जो आकडा येतो तो बहुतेक वेळा हाच, पृथ्वीच्या गोलाईवरून ताणलेल्या दोरीचा. कुतूहलाला तो ठीक आहे. घरून निघायची वेळ काढायला तो काही कामाचा नाही.

उडायला किती वेळ लागेल याचा मात्र त्यावरून बरा अंदाज बांधता येतो. अंतराला आठशेनं भागा, तास मिळतील. त्यात अर्धा तास मिळवा. पुणे ते नागपूर सरळ रेषेत सहाशे किलोमीटर, म्हणजे पाऊण तास अधिक अर्धा, सव्वा तास. पुणे ते बंगळूर सातशे वीस, दीड तासाला थोडा कमी. दिल्ली साडेअकराशेच्या घरात, म्हणजे दोन तास. तिकिटावर यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्तच दिसतील, कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर पुन्हा सरपटणं, सगळं त्यात येतं. मिळवलेल्या अर्ध्या तासात यातला बराचसा वेळ धरलेला आहे, शिवाय चढतानाचा आणि उतरतानाचा कमी वेगही.

त्यामुळेच पुणे-मुंबई विमानाचा हिशेब हास्यास्पद होतो. १२४ किलोमीटर, आठशेच्या वेगानं नऊ-दहा मिनिटांचं काम. पण इतक्या कमी अंतरात विमान त्या वेगाला पोचतच नाही. नीट वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकीवरूनच काम चालतं. गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात त्या वेगळ्याच. तरी या टप्प्याला एका ठिकाणी अर्थ आहे. पुणे-मुंबई-न्यूयॉर्क असं सगळं एकाच तिकिटावर असेल आणि सामान पुण्यात दिलं की थेट पलीकडे मिळणार असेल, तर हा छोटा टप्पा घ्या, निदान घाटाची धास्ती जाते. नुसतं मुंबईला जायचं म्हणून विमानात बसणाऱ्याच्या आधी गाडीनं निघालेला माणूस पोचलेला असतो.

आता घराच्या दारातून सुरुवात करू. मांजरी बुद्रुक ते लोहगाव विमानतळ सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटर. आमच्या गच्चीवरून उत्तरेला उतरणारी विमानं दिसतात, सुखोईचा आवाज तर खिडकीची काच हलवतो. पण मध्ये मुळा-मुठा आहे. नदी ओलांडायला हवं तिथे पूल नाही, म्हणून रस्ता लांब होतो. केशवनगरवरून मुंढवा, नदी ओलांडून खराडी बायपास, मग नगर रस्ता आणि विमाननगर, असं चौदा-पंधरा किलोमीटर पडतं. दुसरा मार्ग मांजरीच्या पुलावरून मांजरी खुर्दला उतरून खराडी-वाघोलीच्या बाजूनं नगर रस्त्याला लागण्याचा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं असेल तर हा दुसरा मार्ग धरण्याआधी नदीची बातमी घ्या.

पहाटे साडेचारला हे अंतर अर्ध्या तासात कापतं. सकाळी साडेनऊला किंवा संध्याकाळी सहाला मुंढवा चौक आणि खराडीचा सिग्नल मिळून सव्वा तास खातात. शुक्रवारी पावसात दीडही धरा. म्हणजे तेच पंधरा किलोमीटर वेळेनुसार तिप्पट होतात. देशांतर्गत विमानाचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या साठ मिनिटं आधी बंद करतात, म्हणून सामान असेल तर दारात पोचायची वेळ विमानाच्या दोन तास आधीची धरावी. सकाळी दहाच्या विमानाला मांजरीतून साडेसहाला निघालात तर चहाही होईल. सव्वासातला निघालात तर पोचाल, पण गाडीत कोणी कोणाशी बोलणार नाही.

लोहगावबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. धावपट्टी हवाई दलाची आहे, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्ण बंद होता, आणि ऐन वेळी कित्येकांना मुंबईचा रस्ता धरावा लागला होता. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू झालं, डिजियात्राची सोय आहे, आत जायला पूर्वीसारखी धक्काबुक्की नाही. जुनं टर्मिनलही शेजारीच आहे, तेव्हा सोडणाऱ्याला नेमकं कुठे सोडायचं ते आधी सांगा. पण परदेशी जायला इथून दुबई, बँकॉकसारखी मोजकीच ठिकाणं थेट मिळतात. ती मिळत असतील तर, माझं स्पष्ट मत आहे, पाच-सात हजार जास्त गेले तरी पुण्यातूनच जा. मुंबईपर्यंतची गाडी, टोल, वाटेतलं जेवण आणि सोडायला आलेल्या मेहुण्याचा बुडालेला दिवस धरला तर तेवढे जातातच.

सहारचा रस्ता मात्र नीट उलगडून पाहायला हवा. त्याचे तीन तुकडे आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा. पहिला मांजरी ते किवळे, पस्तीस-अडतीस किलोमीटर. संगमवाडी, वाकडेवाडी, पिंपरी, निगडी करत जा किंवा हडपसर-कात्रजवरून बायपास धरा. हा तुकडा सगळ्यात लहान वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. दुसरा द्रुतगती मार्ग, किवळे ते कळंबोली, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. सपाटीवर मोटारीला शंभरची मर्यादा, घाटात साठची, आणि वर कॅमेरे. त्यामुळे कितीही घाई असली तरी सव्वा तासाच्या खाली हा मार्ग उतरत नाही, दीड तास धरावा. घाट टाळायला मिसिंग लिंक आखली ती एकोणीस किलोमीटरचं अंतर सहा किलोमीटरनं कमी करण्यासाठी. वाहनं सुरळीत चालत असताना सहा किलोमीटर म्हणजे पाच-सात मिनिटं; खरा फायदा घाटातल्या वळणांवर बंद पडलेल्या ट्रकमागे उभं न राहण्याचा. तिसरा तुकडा कळंबोली ते सहार, पस्तीस-चाळीस किलोमीटर. वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, कुर्ला. रात्री अकराला तास लागतो, संध्याकाळी सातला दोन.

आता माझ्या वहीतला हिशेब जसाच्या तसा देतो. समजा विमान रात्री २.४० ला आहे. काउंटर सव्वा तास आधी बंद, म्हणजे १.२५. इमिग्रेशन आणि तपासणीची गर्दी धरून टर्मिनलच्या दारात ११.१५ ला उभं असायला हवं. तिसऱ्या तुकड्याला दीड तास, म्हणजे कळंबोली ९.४५. द्रुतगतीला दीड तास आणि वाटेत खालापूरच्या आसपास वडापावसाठी पंचवीस मिनिटं, म्हणजे किवळे ७.५०. पहिल्या तुकड्याला संध्याकाळचे पावणेदोन तास, म्हणजे मांजरी सहा वाजून पाच मिनिटं. आणि घाटासाठी एक तास राखीव, म्हणजे पाच. पण पाचला निघालात तर हडपसर, मुंढवा, पिंपरी, सगळीकडची कामावरून सुटलेली गर्दी तुमच्याबरोबर निघणार. म्हणून मी वहीत पाच खोडून ‘साडेतीन’ लिहितो. सहाच्या आत किवळे ओलांडायचं आणि मग निवांत जायचं. विमानतळावर तीन तास जास्त बसावं लागतं, हे खरं. खालापूर टोलनाक्याच्या रांगेत घड्याळाकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

एक तास राखीव पुरतो का? एरवी पुरतो. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी पुण्या-लोणावळ्याकडे येणारी बाजू तुंबते, रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी. रविवारी रात्रीचं विमान असेल तर दोन तास राखीव ठेवा. जुलै-ऑगस्टमध्येही दोन, आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड कोसळली होती ती जुन्या प्रवाशांच्या अजून लक्षात आहे. कधी कधी कमानी बसवण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी दुपारी तास-दोन तासांचा ब्लॉक घेतात, त्याची बातमी आदल्या दिवशी पेपरात येते. ती वाचायचं काम घरातल्या आजोबांवर सोपवा, ते आनंदानं करतात.

आणि तारीख! हा सगळ्यात साधा, सगळ्यात महाग घोटाळा. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.४० असेल तर घरून निघायचं १४ ला दुपारी. १५ ला संध्याकाळी बॅगा भरून ओवाळणी चाललेली असताना विमान गेल्याचं कळलेलं घर मी पाहिलं आहे. तिकीट हातात आलं की कालनिर्णयवर निघायच्या दिवसाला गोल करा, विमानाच्या दिवसाला नको.

तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या स्थानिक घड्याळाच्या असतात, हेही मुलांना ठाऊक असतं आणि पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांना नसतं. समजा पुण्याहून रात्री ८ ला निघणारं विमान दुबईला ९.४५ ला पोचतं असं छापलं आहे. पावणेदोन तास दिसतात. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. आमच्या आठशेच्या सूत्रानं ताडून पाहा, दोन हजार पन्नास किलोमीटर, तीन तास पाच मिनिटं, हिशेब जमतो. येताना उलट, सव्वातीनचे पावणेपाच दिसतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे घड्याळं पुढे-मागे करतात. आणि लंडनला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो तो वरच्या थरातल्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे. अंतर तेच, पण वारा कोणाच्या पाठीशी आहे त्यावर तासभर इकडचा तिकडे होतो.

आता नवी मुंबईकडे वळू. मांजरीपासून हा विमानतळ एकशे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, सहारपेक्षा तीसेक किलोमीटर अलीकडे. आकड्यात हे फार वाटत नाही. पण वाचतो तो तिसरा तुकडा, खाडीपूल आणि चेंबूरवाला. म्हणून वेळ तासभर, गर्दीला दीड तास वाचतो. वरच्याच हिशेबात सहारऐवजी नवी मुंबई टाकली तर कळंबोलीनंतर अर्धा तास पुरे. तुम्हाला जायचं ते विमान दोन्हीकडून सुटत असेल तर पुणेकरानं डोळे मिटून नवी मुंबई घ्यावी, थोडं महाग असलं तरी.

मात्र एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर तोच नवी मुंबई विमानतळ डोकेदुखी होतो. आमच्या आतेबहिणीचं तिकीट एका एजंटनं काढलं होतं. हैदराबादहून मुंबई, पुढे मुंबईहून मस्कत, मध्ये तीन तास दहा मिनिटं. कागदावर दोन्हीकडे ‘मुंबई’. पहिलं विमान नवी मुंबईत उतरणारं आणि दुसरं सहारहून सुटणारं, हे तिला पट्ट्यावर बॅगेची वाट बघताना कळलं. बॅग यायला पस्तीस मिनिटं, टॅक्सी मिळायला वीस, आणि पुढे मानखुर्दला गाड्यांचे लाल दिवे. ती पोचली तेव्हा काउंटरवरची मुलगी संगणक बंद करत होती. दोन तिकिटं वेगवेगळी होती, त्यामुळे दुसऱ्या कंपनीनं पैसे परत द्यायचा प्रश्नच नव्हता. एजंट म्हणाला, "मॅडम, दोन्ही मुंबईच ना?"

तेव्हा नाव वाचू नका, तीन अक्षरांचा कोड वाचा. सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, पुण्याचा पीएनक्यू. दोन्ही टप्प्यांचा पीएनआर एकच आहे का ते बघा. एकच असेल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनीनं करायची असते. दोन वेगळे असतील तर सगळा धोका तुमचा. नवी मुंबई ते सहार रस्त्यानं पस्तीस-चाळीस किलोमीटर, वेळ तासापासून दोन तासांपर्यंत. बॅग घेणं आणि पुन्हा देणं धरून मध्ये सहा तास असल्याशिवाय असं तिकीट काढू नये. सहारच्या आतसुद्धा दोन टर्मिनलं आहेत, टी-वन विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टी-टू सहारला, मध्ये चार-पाच किलोमीटरचा रस्ता. देशांतर्गत विमानं दोन्हीकडे लागतात, कंपनीवर आणि उड्डाणावर अवलंबून. आतून चालत जाता येत नाही.

गोव्यातही हेच झालं आहे. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाला, दाबोळीही चालूच आहे. लग्न मडगावला आणि विमान मोपाला असेल तर उतरल्यावर पुढे बराच रस्ता उरतो. दाबोळीहून मडगाव जवळ. उलट, पेडणे, म्हापसा किंवा सावंतवाडीला जायचं असेल तर मोपा. कोडही वेगळे, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. परदेशात हीथ्रो-गॅटविक किंवा हानेडा-नारिता असा बदल तिकिटात दिसला तर आणखी एक गोष्ट आड येते. विमानतळ बदलायचा म्हणजे त्या देशात बाहेर पडायचं, आणि बाहेर पडायला व्हिसा लागतो. आईवडिलांचं तिकीट स्वस्तात काढणाऱ्या मुलांनी हे आधी तपासावं.

गाडी करायची नसेल तर रेल्वे आहे. मांजरी बुद्रुकला दौंडकडच्या शटल थांबतात, पण सामान घेऊन त्यात चढायच्या भानगडीत पडू नका. रिक्षानं पुणे स्टेशन गाठा. पुणे-मुंबई रेल्वेनं १९२ किलोमीटर, दादरपर्यंत तीन-साडेतीन तास. पूर्वी पुढचे हाल असत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीन पूर्ण धावू लागली आहे आणि तिला टी-वन आणि टी-टू अशी दोन्ही स्थानकं आहेत. दादर पश्चिमेला उतरून मेट्रो धरली की चेंबूर-कुर्ल्याचा तुकडाच गळतो. दिवसाच्या विमानाला, एक बॅग असलेल्या माणसाला हा रस्ता मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. लांबची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात आणि दोन मोठ्या बॅगांसह दादरचा जिना चढायचा असतो, तिथे मात्र गाडीच बरी. शेअर गाडी केलीत तर चालकाला विचारा, आणखी किती जण आणि कुठून. मांजरीतून पहिले तुम्ही आणि नंतर वाकडपर्यंत तिघे असतील तर पहिल्या तुकड्याला तासभर वाढवा.

येतानाचा हिशेब वेगळा. घ्यायला जाणाऱ्यानं विमान उतरायच्या वेळेला पोचायची गरज नसते. सहारला परदेशी विमानातून उतरलेला माणूस बाहेर दिसायला सव्वा तास सहज जातो, लोहगावला देशांतर्गत असेल तर वीस-पंचवीस मिनिटं. लोहगावला स्वतःची गाडी आणि अ‍ॅपवरची टॅक्सी दोन्ही एअरोमॉलच्या पार्किंगमधून, तिथपर्यंत सामानाची ट्रॉली नेता येते. विमान वेळेवर आहे का हे बघताना तेच विमान आधी कुठून येणार आहे तेही बघा. जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं विमान पुण्याच्या स्वच्छ उन्हातही दोन तास उशीर करतं. आणि सहारला रात्री एकला उतरणार असाल तर घरच्यांना सांगून ठेवा, की जेवायला थांबू नका. सव्वादोनला बाहेर, साडेतीनला खालापूरला चहा, आणि मांजरीत शिराल तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, तरकारीचे टेम्पो समोरून येत असतात.